घोरणं थांबलं की पारूबाय जागी

आमच्या नागावच्या घराला लागून होमस्टेच्या खोल्या आहेत. तो कारभार आमचे हे बघतात. मागे एका पाहुण्याने घरी परतल्यावर फोनवर अभिप्राय टाकला: 'जेवण घरचं, माडांची सावली झकास, मालक प्रेमळ. फक्त रात्रभर जनरेटर चालू असतो, त्याचं काहीतरी बघा.' यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडे जनरेटर नाही. कधी नव्हताच.

"मग कसला आवाज असेल हो?" मी भाबडेपणाने विचारलं.

हे चष्मा कपाळावर चढवून नुसते माझ्याकडे बघत राहिले.

यातली गंमत कळायला माझं काम काय ते सांगायला हवं. अलिबागपासून खाली श्रीवर्धनपर्यंत, डॉक्टर चिठ्ठी देतील त्या घरी जायचं, माणूस झोपेत श्वास नीट घेतो की नाही ते तपासायचं, आणि घेत नसेल तर त्याला मशीन लावून, शिकवून यायचं. केस पिकले ते याच कामात. घोरणाऱ्यांच्या जिवावर माझं घर चाललं, लेकीचं शिक्षण झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि आमच्याकडचा अंधार घोरतही होता.

बायका घोरत नाहीत, असा आपल्याकडे एक समज आहे. तसं काही नसतं. बायकाही घोरतात, फक्त ते त्यांना सांगायची नवऱ्याची छाती होत नाही. शेवटी मी माझी तपासणी मीच केली, जो निकाल मी दुसऱ्यांना गंभीर चेहऱ्याने सांगते तो आरशात बघून स्वतःला सांगितला, आणि मुकाट्याने मशीन लावून झोपू लागले. जनरेटर बंद झाला. यांनी नव्या पाहुण्यांना 'आता अगदी शांत असतं हं' असं सांगायला सुरुवात केली, ते मात्र मला आवडलं नाही.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. 'काय मस्त झोपलाय बघा, कसा घोरतोय!' खरं म्हणजे तो बिचारा झोपलेलाच नसतो. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका सैलावतो की भिजलेल्या कापडी पिशवीसारखा आतल्या आत चिकटतो आणि हवेची वाट मिटते. छाती धडपडते, हवा येत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला की मेंदू दचकतो, माणूस 'खर्रर्र' करून एक मोठा श्वास ओढतो आणि परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. रात्रभर कोणीतरी त्याला पाण्यात बुडवत आणि केसाला धरून वर काढत असतं, आणि हा उठून म्हणतो, 'झोप छान झाली, पण अंग का दुखतंय कळत नाही.' मग रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, आणि दिवसा माणूस जिथे टेकेल तिथे पेंगतो. यावरचं मशीन म्हणजे तरी काय, एक शहाणा पंखा. नळीतून आणि मास्कमधून सारखी थोडी थोडी हवा आत ढकलतो, आणि घशाला रात्रभर हवेचा टेकू देतो.

मी मुळात अलिबागच्या एका दवाखान्यात ईसीजी काढायची. त्या काळात ही तपासणी करायची तर मुंबईला जाऊन एक रात्र अॅडमिट व्हावं लागे. घोरण्यासाठी मुंबईला जायचं म्हटलं की आमच्याकडचे पेशंट हसायचे आणि घरी येऊन घोरायचे. मग आमच्या डॉक्टरांनी घरी नेता येईल असा संच आणला. घरी नेता येईल म्हणजे स्कूटरवर पुढे ठेवला तर मला रस्ता दिसत नसे, एवढा. त्यातल्या वायरी डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, नाकाखाली, पायांना, सगळीकडे चिकटवायच्या. डोक्याच्या वायरींना चिकट लेप लागायचा, तो दोनदा न्हाल्याशिवाय निघत नसे. वायरी लावून झाल्यावर माणूस असा दिसे की आता बटण दाबलं तर हा बोलेल. आणि मी म्हणायचे, "आता अगदी रोजच्यासारखे झोपा हं."

श्रीवर्धनला सुपारीचे एक बागायतदार होते, त्यांना भाऊसाहेब म्हणू. त्यांना सगळ्या वायरी लावल्या आणि मी शेजारच्या खोलीत पडद्यावरच्या रेषा बघत बसले. रेषा सांगत होत्या की भाऊसाहेब टक्क जागे आहेत. मी दारातून डोकावले.

"भाऊसाहेब, झोप येत नाहीये का?"

"येतेय की. पण तुम्ही जाग्या आहात ना."

"मी जागीच राहणार. माझं कामच ते."

"पाहुणी जागी आणि यजमान झोपलाय, असं या घरात कधी झालेलं नाही. चहा टाकायला सांगू?"

मी परोपरीने सांगितलं की मी पाहुणी नाही, कामाला आलेली बाई आहे. त्यावर ते म्हणाले, कामाला आलेल्या माणसाचं तर आधी बघायचं असतं. शेवटी मी युक्ती केली. दिवा मालवला, सतरंजीवर आडवी झाले आणि झोपेचं सोंग घेतलं. सोंग इतकं वठलं की मला सकाळीच जाग आली. सुदैवाने संच आपलं काम चोख करत होता आणि भाऊसाहेबांची झोप पूर्ण नोंदली गेली होती. वायरी काढताना ते जरा अवघडून म्हणाले, "राग मानू नका, पण यातल्या दोन-चार वायरी तुम्ही स्वतःला लावून घेतल्या असत्या तर बरं झालं असतं." मी तेव्हा तो विनोद समजून हसले होते.

मशीन लावून देणं हे तपासणीपेक्षा अवघड. तपासणी एका रात्रीची, मशीन संसारात येऊन राहतं. खाडी ओलांडून दिघीला उतरलं की जवळच्या गावात हमीदचाचा राहतात. उभी हयात आखातात नोकरी केली, येताना तिकडचंच मशीन घेऊन आले. त्यात पाण्याची एक छोटी टाकी असते, हवा कोरडी लागू नये म्हणून. त्यात शुद्ध पाण्याशिवाय काही घालायचं नसतं. चाचांचा निरोप आला की रात्रभर शिंका येतात. गेले, मशीन उघडलं, आणि सगळ्या घरात ईदचा वास पसरला.

"चाचा, टाकीत काय घातलंत?"

"जरासं अत्तर. चांगलं आहे, दुबईचं."

"अहो, पण का?"

चाचांनी आतल्या खोलीकडे नजर टाकून आवाज उतरवला. "बेगम म्हणाली, नळी लावून झोपलेला तू हॉस्पिटलातला दिसतोस, मला भीती वाटते. म्हटलं, सूरत काय आता बदलत नाही. खुशबू तरी शादीची येऊ दे."

आता अत्तर नाकाला कितीही आवडलं तरी फुफ्फुसाला चालत नाही. चाचांना रागावून टाकी धुतली, नळी बदलली. ते मशीन पुढे कितीतरी दिवस दवाखान्यात आलं की तिथली नर्स म्हणायची, "कोणाचं लग्न?" पुढे चाचांनी चालायला सुरुवात केली, वजन उतरवलं, आणि परत तपासणी केली तर आजार निम्म्याने कमी. हेही लोकांना माहीत नसतं. ही तपासणी कुंडलीसारखी एकदा काढून ठेवायची नसते. वजन बदललं, वय बदललं, की दुखणंही बदलतं.

आणि आता तर सगळंच बदललं. तपासणीचं यंत्र बोटात घालण्याएवढं झालंय. पेशंट ते आपलं आपण लावतो, सकाळी कुरिअरने परत धाडतो. मशीन स्वतःच ठरवतं हवा किती सोडायची. पूर्वीचा मास्क हेल्मेटसारखा असे, आता नाकपुड्यांपुरतं इवलंसं काहीतरी असतं. वजन उतरवायची इंजेक्शनं आली आहेत, ती आमच्या पोटावर पाय देणार असं दिसतंय; देवोत, पेशंटचं पोट कमी होत असेल तर माझ्या पोटावर पाय पडला तरी चालेल. रोजचा रिपोर्ट फोनवर येतो. मी नागावात वालाच्या शेंगा सोलता सोलता सांगू शकते की श्रीवर्धनचा अमका काल रात्री किती झोपला. सोय आहे खरी. पण कोणाच्या घरी जाणं राहिलं नाही, आणि झोप ही घरात घडणारी गोष्ट आहे. हे मी एरवी भाषणासारखं म्हटलं नसतं. काशिनाथ नाखवांमुळे म्हणते आहे.

काशिनाथ नाखवा आगरदांड्याच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातले. होडी त्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, दामूची, सामाईक. पण सुकाणू काशिनाथ नाखवांच्या हातात, बापाच्या माघारी आलेलं. पावसाळी बंदी लागायच्या आधीच्या शेवटच्या फेरीत, भर दुपारी, लख्ख उन्हात, होडी परत येत होती. खाडीच्या तोंडाशी वळण घ्यायचं ते न घेता ती सरळ वाळूच्या दांड्यावर चढली. पाट्या घेऊन जेटीवर उभ्या असलेल्या समस्त बायकांनी ते बघितलं. नाखवा सुकाणूला धरून उभ्या उभ्या झोपले होते.

कोणाला खरचटलं नाही. भरती आली तशी होडीही सुटली. पण गावात बोलणं झालं की नाखवा पिऊन होते. पानसुपारीच्या पलीकडे न गेलेला माणूस तो! खलाशांनी सांगून टाकलं, झोपणाऱ्या नाखव्याबरोबर आम्ही येणार नाही. आणि दामूने भावाला सरळच सांगितलं, "दादा, नारली पुनवेपर्यंत बरा झालास तर सुकाणू तुजं. न्हाय तर यंदा मी धरतंय. तू घरी बसून हिशेब बघ."

नाखवा तपासायला दवाखान्यात आले ते बाकड्यावर शेजारच्या पेशंटच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. डॉक्टरांनी निदानाला एवढं पुरे आहे असं म्हणून, तरी रीत म्हणून, बोटातली तपासणी सांगितली. श्वास अडकत होता, चांगलाच. मी मशीन घेऊन गेले, सगळं समजावलं. नाखवा जाडजूड, शांत, डोळ्यांखाली काळं आलेलं. मास्क हातात धरून म्हणाले, "मॅडम, सुकाणू नसलेला नाखवा म्हंजे बर्फ नसलेली पाटी. दोन दिवसांत लोकांना वास येतंय. पुनवेच्या आत मना जागा करा."

मी म्हटलं, झालंच समजा. कारण मी असली कितीतरी माणसं जागी केली होती.

फोनवर रिपोर्ट यायला लागले. इतके गुणी रिपोर्ट मी पाहिले नव्हते. मास्क रात्रभर तोंडावर, हवेची गळती नाही, श्वास अडकणं जवळजवळ बंद. मी ते डॉक्टरांना अभिमानाने दाखवले. आणि तिकडून दामूचा फोन.

"मॅडम, दादा आज जाल शिवताना झोपला."

"असं कसं होईल? रिपोर्ट तर उत्तम आहे."

"रिपोर्ट जागा हाय वो. दादा झोपलाय. सुई हातात, तोंड उघडं."

मला शंका यायला लागली की त्या मास्कमध्ये दुसरंच कोणीतरी झोपतंय. नाखवांना फोन करून स्पष्टच विचारलं, "खरं सांगा, रात्री मास्क कोण लावतं?"

"मीच लावतंय. दुसरा कोन लावंल? दामूच्या नाकावर तो बसायचा न्हाय. त्याचं नाक त्याच्या अकलेएवढं हाय."

मास्क बदलून पाठवला. परत दुसरा पाठवला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, काही नाही. रिपोर्ट उत्तम, नाखवा झोपलेले. एव्हाना होडीवर पावसासाठी शाकारलेलं छप्पर उतरवून रंगाचं काम सुरू झालं होतं, आणि दामू सुकाणूपाशी जाऊन बसायला लागला होता. रंग वाळतोय का बघायला, असं म्हणे. पुनव जवळ आली तसा नाखवांचा फोन येणं बंद झालं. तेव्हा मी शेंगा खाली ठेवल्या आणि स्कूटर काढली.

घरी पोचले ती दुपारची वेळ. नाखवांची बायको, पारूबाय, पडवीत सुकट निवडत बसली होती. बारीक चणीची, पण आवाज असा की अख्ख्या जेटीला पुरावा. मी नाखवांना म्हटलं, माझ्यासमोर जरा मशीन लावून आडवे व्हा, गळती बघते. ते आतल्या खाटेवर आडवे झाले. मास्क लावला, मशीन सुरू केलं, आणि मी पाठ वळवायच्या आत त्यांना झोप लागली. श्वास एकसारखा, कसलाही आवाज नाही. बिनचूक. मी पडवीत येऊन पारूबायपाशी बसले. तिने आत-बाहेर काहीतरी केलं, मला काळा चहा दिला आणि परत सुकट पुढे ओढली. भाव काय, बंदीत घर कसं चालतं, अशा गप्पा सुरू झाल्या.

बोलता बोलता तिचा डावा हात मागे झटकला गेला. आत खाटेवर नाखवांचा पाय वर उडाला आणि 'हुं' असा आवाज झाला.

मला वाटलं, भास. पारूबाय बोलतच होती. थोड्या वेळाने परत हात झटकला. परत पाय उडाला, परत 'हुं'. या खेपेस मी चहाचा कप खाली ठेवला आणि नीट बघितलं. तिच्या मनगटातल्या बांगड्यांपासून निघून, जमिनीवरून, उंबऱ्यावरून, खाटेपर्यंत काहीतरी चकाकत गेलं होतं. तंगूस. गळाला लावतात ती नायलॉनची पारदर्शक दोरी. तिचं दुसरं टोक नाखवांच्या पायाच्या अंगठ्याला होतं.

"पारूबाय, हे काय?"

"कुठं काय?"

"ही दोरी."

"ती व्हय? ती आमची रोजची हाय."

"कशासाठी पण?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की या बाईला डॉक्टरने पाठवलंच कसं. "जित्ता हाय का बघाया."

मग तिने समजावलं. नाखवा घोरतात, तोवर तिला झोप लागते. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीच्या आवाजात लागते तशी. घोरणं थांबलं की तिला जाग येते. जराशी वाट बघायची, नाही सुरू झालं तर दोरी ओढायची. नाखवा 'हुं' करतात, श्वास घेतात, घोरायला लागतात, की ही परत झोपते. किती वर्षं? तिने बोटं मोजून बघितलं आणि सोडून दिलं. थोरल्या मुलीच्या आधीपासून, म्हणाली. आणि मी काय केलं होतं? घोरणंच बंद करून ठेवलं होतं.

"तुज्या मशीननं आवाजच मेला बाय," ती म्हणाली. "आता मना कसं कलंल हा झोपलाय का गेलाय? म्हून सारखी वढतंय. माजी पन झोप न्हाय, त्याची पन न्हाय."

मशीन श्वास अडकू देत नव्हतं आणि पारूबाय झोप लागू देत नव्हती. रिपोर्टमध्ये श्वास दिसतो, दोरी दिसत नाही. मला इतकं हसू आलं की चहा सांडला. हसता हसता लक्षात आलं की पारूबाय हसत नाहीये.

"माजा भाऊ असाच गेला," तिने सुकटीतला एक कचरा काढून बाजूला टाकला. "भावजय बाजूला झोपलेली. आवाज न्हाय म्हून तिला बरं वाटलं. सकाली कललं."

माझं हसू होतं तिथेच विरलं.

आमच्या बोलण्याने नाखवा उठले होते. मास्क वर करून म्हणाले, "मना वाटत व्हतं, पाय ती मशीनच उडवतंय. मनात बोललो, शहरातली हाय, तिची सवय असंल."

"आणि इतकी वर्षं पाय कोण उडवत होतं?"

"इतकी वर्सं मना कुठं जाग यायची? आता मशीननं झोप पातल केली ना."

दोरी सोडा म्हणून सांगणं सोपं होतं. ते मी सांगितलंही. पारूबाय म्हणाली, "सोडतंय. आनि मी रातभर बघत बसतंय." मास्कच्या भोकातून हवा बाहेर येते त्याच्यापुढे मी हात धरून दाखवला. "हात धरून झोपू कशी?" बरोबर होतं. दुखणं दोघांचं होतं आणि मी मशीन एकाला दिलं होतं.

मग मला स्कूटरच्या डिकीत पडलेल्या जुन्या संचातल्या एका वस्तूची आठवण झाली. वायरींच्या जमान्यात आम्ही पेशंटच्या छातीला एक ताणणारा पट्टा बांधायचो. श्वासाबरोबर छाती वर आली की पट्टा ताणतो, खाली गेली की सैलावतो, त्यावरून पडद्यावर रेषा उमटायची. आता तो कोणी वापरत नाही. तो काढून आणला. नाखवांच्या गंजीवरून बांधला, त्यांना परत आडवं केलं, मशीन लावलं. अंगठ्याची तंगूस सोडून पट्ट्याला बांधली आणि टोक पारूबायच्या हातात दिलं.

"आता ओढायचं नाही. नुसती धरा. हाताला काय लागतंय ते तुम्हीच सांगा."

पारूबायने बाप-भावांबरोबर खाडीत गळ टाकलेले. तिने दोरी दोन बोटांत हलकी धरली, मान जराशी वाकडी केली. थोडा वेळ काही नाही. मग तिचे डोळे मोठे झाले.

"चावतंय!"

"काय?"

"चावतंय गो! सोडलं... परत चावतंय." तिचा तो जेटीवाला आवाज एकदम खाली आला होता. "मोठा हाय. पन शाना हाय. वढत न्हाय, नुसतं चावतंय."

आत नाखवा झोपले. बाहेर पारूबाय दोरी बोटांत धरून खांबाला टेकली, 'आता चावलं, आता सोडलं' असं पुटपुटत राहिली, आणि पुटपुटता पुटपुटता तिचीही मान कलली. मला निघायचं होतं. पण समोर सुकट उघडी पडलेली आणि कुंपणावर तीन मांजरं माझ्या जाण्याची वाट बघत बसलेली. एवढं शिकून सवरून मी ती दुपार हातात झाडू घेऊन मांजरं हाकलण्यात घालवली. माझ्या नोकरीतलं सर्वांत उपयोगी काम कोणतं असं कोणी विचारलं, तर मी ते सांगेन.

पुढचा फोन दामूचा. 

"मॅडम, दादा आता झोपतच न्हाय."

"म्हणजे?"

"दिवसभर मागं लागलाय. रंग असा का दिला, इंजिनाचं तेल का न्हाय बदललं, दोर कुनी असा गुंडालला. सगले खलाशी वैतागले. थोडा कमी जागा करता येतंय का बघा ना."

नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला आणि सुकाणू नाखवांच्या हातात राहिलं. खलाशी चढले, पण डोळे त्यांच्यावर ठेवून. पहिल्या फेरीत जर कुठे डुलकी दिसली, तर पुढची फेरी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मशीन होडीच्या बॅटरीवर चालेल अशी जोडणी मी करून दिली, खाऱ्या हवेपासून जपायला लाकडी पेटी करवली, पाण्याची टाकी घरीच ठेवली. राहता राहिला पट्टा. पारूबायने जेटीवर तो आणि तंगूस दामूच्या हातात ठेवली.

"वहिनी, मी काय त्याची बायको हाय?"

"सुकाणू धराया निगालेलास ना? आदी ह्ये धर."

सगळी जेटी हसली. दामूने पट्टा गुपचूप खिशात घातला.

होडी परत यायच्या दिवशी मी तिकडे मास्कचं काम निघालं असं घरी सांगितलं. आमचे हे म्हणाले, "कोणाचा मास्क?" मी म्हटलं, गिऱ्हाईकाचं नाव सांगत नसतात. जेटीवर पारूबाय पाटी घेऊन सर्वांच्या पुढे उभी होती. खाडीच्या तोंडाशी होडी दिसली. जवळ आली. पारूबायने कपाळावर हात धरला, आणि तिचा श्वास अडकला.

सुकाणूवर दामू होता.

नंतर तिने जे काही सुरू केलं ते छापण्यासारखं नाही. दामूची अक्कल, दामूचं नाक, दामूच्या लग्नात तिने केलेला खर्च आणि दामूच्या सासरची माणसं, हे सगळं तिने पाण्यावरून त्याच्यापर्यंत पोचवलं. "भावाचं सुकाणू घेतलंस रे मेल्या!" आजूबाजूच्या बायकांनी तिला साथ दिली. मी मनात म्हटलं, डुलकी लागली असणार. पट्टा सुटला असेल, बॅटरी गेली असेल, पेटीत पाणी शिरलं असेल. होडी दांड्याजवळ आली, वळली, सुंदर वळली, आणि आत आली. तेव्हा कुठे दिसलं की पुढे होडीच्या टोकाला, नाळीवर, नाखवा उभे आहेत. ताठ. दोन्ही हात वर करून बायकोला 'पुरे' म्हणत.

होडी लागली. दामू आधी उतरला. "वहिनी, अजून काय रायलं असंल तर बोलून घे."

"त्यानं न्हाय घेतलं," नाखवा खाली उतरत म्हणाले. "मी दिलं."

"कवा?"

"आता. खाडी दिसली तवा. जाताना मी, तिकडं मी, सगल्या पाल्या मी. इचार ह्यांना." खलाशांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, डुलकी कसली, आम्हालाच घेऊ दिली नाही.

"मंग दिलंस कशाला?" पारूबायचा पारा उतरायला तयार नव्हता.

नाखवांनी डोक्याचा रुमाल सोडून मान पुसली. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता, डोळ्यांखालचं काळं निवळलेलं. "इतकी वर्सं वाटायचं, ह्याला जमनार न्हाय. नीट बघितलंच न्हवतं कवा. आता जागा झालो, बघितलं. बरा चालवतंय की."

दामू उगाचच दोर गुंडाळायला लागला. तो दोर आधीच गुंडाळलेला होता.

पारूबायने मग होडीतल्या पाटीतून चांगला हातभर हलवा मासा उचलला आणि दामूच्या बायकोच्या पाटीत आदळला. माफी म्हणतात ती अशी, एवढी जोरात, मी प्रथमच बघितली.

"म्हंजे आता येताना दर खेपेला दामूच?" तिने विचारलं.

"व्हय."

"आनि तू काय करशील तवा?"

जेटीवर सगळ्या बायका ऐकत होत्या. खलाशी ऐकत होते. मशीनची पेटी डोक्यावर घेतलेला खलाशीही थांबला होता. भर दुपारी, लख्ख उन्हात, काशिनाथ नाखवांनी छाती पुढे काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

"झोपीन."